‘कुली’ आणि ‘अरब’ : सुरतेच्या मुस्लिम व्यापाऱ्यांच्या अनुभवातील वर्णद्वेष व धर्मद्वेष

प्रास्ताविक

सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. त्यापुढच्या सुरतेशी त्याचा परिचय बहुधा कापडबाजाराच्या निमित्ताने होतो. खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली हजारो मराठी कुटुंबे आज या शहरात राहतात, त्यांत मुस्लिम कुटुंबेही आहेत. परंतु तापीकाठच्या या शहराची आणखी एक ओळख इतिहासात नोंदलेली आहे. मोगल काळात हजचे यात्रेकरू येथून जहाजात बसत, म्हणून सुरतेला ‘बाबुल मक्का’ म्हणजे मक्केचा दरवाजा म्हणत. पुढे बंदर गाळाने भरत गेले, मुंबई वाढली आणि सुरतेचे वैभव ओसरले. तेव्हा सुरत आणि आसपासच्या रांदेर, कठोर, खोलवड, लाजपोर, वरियाव अशा गावांतील सुन्नी व्होरा व इतर मुस्लिम घराण्यांनी समुद्रापलीकडे पेढ्या काढल्या. कोणी रंगूनला गेले, कोणी मॉरिशसला, तर कोणी नाताळ आणि ट्रान्सवालला.

या माणसांच्या वाट्याला जे आले, त्यावरून एका जुन्या प्रश्नाचा उलगडा होण्यास मदत होते. मुसलमानांविरुद्धचा दुजाभाव हा धर्मद्वेष आहे की वर्णद्वेष? अनेक विचारवंत म्हणतात, धर्म ही श्रद्धेची बाब आहे आणि श्रद्धा बदलता येते. कातडीचा रंग बदलता येत नाही. म्हणून दोन्हींचा विचार वेगळा केला पाहिजे. तर्काला हे पटते. पण सुरतेच्या व्यापाऱ्यांचा इतिहास तर्काच्या या सरळ रेषेने चाललेला नाही.

१८८५ चा तिसरा कायदा

दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोक दोन वाटांनी गेले. पहिली वाट गिरमिटाची. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ हे जहाज मद्रासेहून गिरमिटिया मजुरांना घेऊन डर्बनला पोहोचले. दुसरी वाट स्वतःच्या पैशाने तिकीट काढून जाणाऱ्यांची. १८७० नंतर गुजरातचे व्यापारी या वाटेने जाऊ लागले. त्यांत काठियावाडचे मेमन होते आणि सुरत भागातील मुसलमानही होते. त्यांची दुकाने लहान, खर्च बेताचा आणि उधारी सढळ होती. त्यामुळे गरीब बोअर शेतकरी आणि आफ्रिकी गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळले आणि गोऱ्या दुकानदारांच्या पोटात दुखू लागले.

ट्रान्सवालच्या बोअर प्रजासत्ताकाने १८८५ मध्ये तिसऱ्या क्रमांकाचा कायदा केला. आशियातील मूळ वंशांच्या लोकांना नागरिकत्वाचे हक्क मिळणार नाहीत, त्यांना स्थावर मालमत्ता धारण करता येणार नाही, व्यापारासाठी येणाऱ्याने आठ दिवसांच्या आत नोंदणी करून २५ पाउंड भरले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. १८८६ मध्ये ही रक्कम ३ पाउंडांवर आली आणि आरोग्याचे कारण पुढे करून आशियाई लोकांसाठी नेमून दिलेल्या वस्त्यांतच त्यांना मालमत्तेची मुभा मिळाली.

या कायद्याचे पहिले कलम बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘आशियातील मूळ वंश’ म्हणजे कोण, हे सांगताना त्यात चार नावे एका ओळीत येतात : तथाकथित कुली, अरब, मलायी आणि तुर्की साम्राज्याचे मुसलमान प्रजाजन. यातील ‘कुली’ हा धंदा आहे, वंश नव्हे. ‘अरब’ ही एका भाषिक समाजाची ओळख आहे. ‘मलायी’ हे नाव केपमध्ये बहुतांशी मुसलमानांनाच लावले जाई, मग त्यांचे पूर्वज जावाचे असोत, बंगालचे असोत की मादागास्करचे. आणि चौथे नाव तर उघडच धर्माचे आहे. तुर्की साम्राज्यात ख्रिस्ती होते, यहुदीही होते. त्यांचा उल्लेख कलमात नाही. एकाच शहरात शेजारी राहणाऱ्या दोघांपैकी मुसलमान तेवढा ‘आशियाई वंशाचा’ ठरावा, अशी ही व्याख्या होती. वंशाच्या कायद्यात धर्म असा बेमालूम येऊन बसला.

यामागची भावना त्या काळच्या अर्जांत सापडते. ऑरेंज फ्री स्टेटच्या सरकारकडे गेलेल्या एका गोऱ्या व्यापाऱ्यांच्या अर्जाचा उतारा गांधीजींनी १८९५-९६ च्या आपल्या निवेदनांत दिला आहे. हे लोक घाणेरडे असून महारोगासारखे आजार पसरवतात, असा एक आरोप त्यात होता. त्याच्याच जोडीला दुसरा आरोप असा की, स्त्रियांना आत्मा नसतो आणि ख्रिस्ती माणूस हे हक्काचे भक्ष्य आहे, असे त्यांचा धर्म त्यांना शिकवतो. पहिला आरोप शरीराविषयी आहे आणि दुसरा श्रद्धेविषयी. अर्जदारांना दोहोंत काही फरक वाटला नाही. मागणी एकच होती : यांना हाकला. १८९१ च्या कायद्याने फ्री स्टेटमध्ये हिंदी लोकांना व्यापार व शेती करण्यास मनाई झाली आणि तेथील पेढ्या बंद पडल्या.

‘आम्ही कुली नव्हे’

गोऱ्यांच्या लेखी प्रत्येक हिंदी माणूस ‘कुली’ होता. १८९३ मध्ये पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी आलेले मोहनदास गांधीसुद्धा ‘कुली बॅरिस्टर’ ठरले. ही अप्रतिष्ठा टाळण्यासाठी मुस्लिम व्यापाऱ्यांनी एक उपाय योजला होता. ते स्वतःला ‘अरब’ म्हणवीत. त्यांचा पायघोळ पोशाख या दाव्याला साथ देई. पारशी कारकून स्वतःला ‘पर्शियन’ म्हणवीत, ही नोंद गांधीजींच्या आत्मचरित्रात आहे.

या उपायाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. धर्माची प्रतिष्ठा पुढे करून वर्णाच्या अपमानातून सुटका करून घेण्याचा तो प्रयत्न होता. ‘आम्ही गिरमिटिया नाही, आम्ही पैगंबरांच्या भूमीशी नाते सांगणारे आहोत’, असा त्याचा आशय होता. व्यापाऱ्याने आपली इज्जत राखावी यात गैर काही नाही. मात्र ज्या तामिळ व तेलुगू मजुरांपासून हे अंतर राखले जात होते, त्यांच्या पाठीवर उसाच्या मळ्यात कोरडे ओढले जात होते. आणि उपायाचा उपयोग तरी काय झाला? १८८५ च्या कायद्याने ‘अरब’ हे नाव मान्य केले आणि ‘कुली’च्या शेजारी नेऊन बसवले. ज्या नावाने सुटका व्हावी असे वाटत होते, तेच नाव बंदीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर लागले.

असाच प्रकार डर्बनच्या टपालकचेरीचा. तेथे दोन दरवाजे होते. एक गोऱ्यांसाठी आणि दुसरा आफ्रिकी व आशियाई लोकांसाठी. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या नाताळ इंडियन काँग्रेसने याविरुद्ध तक्रार केली आणि तिला यश आले. पण ते यश म्हणजे तिसरा दरवाजा! भेदाची भिंत तशीच राहिली, तिच्यात एक भोक जास्त पडले. हिंदी लोकांना आफ्रिकी माणसांच्या पंक्तीला बसवू नये, अशी भाषा त्या काळच्या गांधीजींच्या लिखाणातही आढळते. अन्याय सोसणारा माणूस आपल्याखालच्या पायरीवर उभ्या असलेल्याकडे कसा पाहतो, याचा हा दाखला आहे.

तीन खटले

वर्ण आणि धर्म यांची सरमिसळ न्यायालयांत कशी चालली, हे तीन खटल्यांवरून दिसते.

पहिला खटला विवाहाचा. हसन इसप यांची पत्नी बाई मरियम हिंदुस्थानातून आल्या असता त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. १४ मार्च १९१३ रोजी केपचे न्यायमूर्ती सर्ल यांनी तो नकार उचलून धरला. ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांना मुभा आहे, त्या धर्मानुसार झालेला विवाह कायद्याला मान्य नाही, असा त्याचा अर्थ होता. नवऱ्याला एकच पत्नी असली तरी फरक पडत नव्हता. या एका निकालाने मुस्लिम, हिंदू व पारशी विवाह एकदमच संशयास्पद ठरले. हिंदी लोकांचा प्रवेश रोखणे हा प्रवेशबंदी कायद्याचा उद्देश जगजाहीर होता. त्यासाठी येथे हत्यार मिळाले ते धर्माचे.

दुसरा खटलाही १९१३ चाच, अपील न्यायालयातील. गंदूर नावाच्या सीरियन ख्रिस्ती गृहस्थांच्या नावे ट्रान्सवालमध्ये जमीन नोंदण्यास नकार मिळाला होता. आशिया खंडात जन्मलेला माणूस १८८५ च्या कायद्याखाली येतो, असे निबंधकाचे म्हणणे. न्यायालयाने ते मान्य केले नाही. सीरियन ख्रिस्ती या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले आणि पुढे गोऱ्यांत गणले गेले. त्याच सीरियातील मुसलमान मात्र कायद्याच्या शब्दांतच अडकलेला होता. नकाशा एक, भाषा एक, चेहरेपट्टीही तीच. वंश ठरला तो धर्माने.

तिसरा खटला सुरतेच्या माणसाचा. खोलवडहून आलेले महंमद मामूजी दादू क्रूगर्सडॉर्प येथे व्यापार करीत. त्यांनी दादू लिमिटेड ही कंपनी काढून तिच्या नावे जागा घेतली. कंपनीच्या १५० भागांपैकी १४९ त्यांचे होते. नगरपालिकेने दावा लावला. १९२० मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की, कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी व्यक्ती आहे; तिला १८८५ चा कायदा लागू होत नाही. कंपनीकायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल आजही शिकवला जातो. सुरतेच्या माणसाला ट्रान्सवालमध्ये जमीन घ्यायची तर त्याने आधी माणूस नसल्याचे दाखवले पाहिजे, ही त्यातली बोच मात्र अभ्यासक्रमात येत नाही. ही फटही १९१९ च्या कायद्याने पुढील व्यवहारांपुरती बुजवण्यात आली होती.

अमेरिकेतही असेच घडले. तेथे नागरिकत्वासाठी ‘गोरा’ ठरणे आवश्यक होते. १९१५ मध्ये एका सीरियन ख्रिस्ती अर्जदाराला न्यायालयाने गोरा मानले. १९४२ मध्ये मिशिगनच्या न्यायालयाने अहमद हसन या येमेनी अरबाचा अर्ज फेटाळला. त्याचा रंग सावळा आहे, हे एक कारण. आणि मुस्लिम जग ख्रिस्ती युरोपपासून फार दूर आहे, हे दुसरे. दोनच वर्षांनी, १९४४ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने दुसऱ्या एका अरब मुसलमानाला गोरा ठरवले. कातडीचा रंग दोन वर्षांत बदलला नव्हता.

होळी आणि ऐक्य

अपमानाला उत्तर देताना मात्र या समाजाने ‘अरब’पणाची वाट सोडली, हे नमूद केले पाहिजे. ट्रान्सवालमध्ये प्रत्येक आशियाई माणसाने बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, असा मसुदा १९०६ मध्ये आला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सभा भरली. अध्यक्ष अब्दुल गनी होते. शेठ हाजी हबीब यांनी अल्लाहला साक्षी ठेवून शपथ घ्यावी असे सुचवले, आणि सत्याग्रहाच्या इतिहासाचा आरंभ या शपथेपासून मानला जातो. त्याच वर्षी स्थापन झालेल्या हमीदिया इस्लामिक सोसायटीच्या सभांना हिंदू व पारशीही येत. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत दोन हजारांहून अधिक परवाने जाळण्यात आले. जाळणाऱ्यांत मुसलमान होते, तामिळ होते आणि चिनी लोकांचे पुढारीही सोबत होते.

सुरत भागातील अहमद महंमद काछलिया हे या लढ्यातील ठळक नाव. ते ब्रिटिश इंडियन असोसिएशनचे अध्यक्ष झाले तेव्हा गोऱ्या सावकारांनी त्यांच्याकडे एकदम सर्व रकमेची मागणी केली. लढा सोडला तर मुदत मिळाली असती. काछलियांनी दुकान सावकारांच्या हवाली केले आणि ते तुरुंगात गेले. गांधीजींनी आपल्या सत्याग्रहाच्या इतिहासात त्यांच्याविषयी जेवढ्या आदराने लिहिले आहे, तेवढा आदर फार थोड्यांच्या वाट्याला आला.

पुढच्या पिढीने आणखी एक पाऊल टाकले. खोलवडच्या त्याच दादूंचे चिरंजीव डॉ. युसुफ दादू यांनी ९ मार्च १९४७ रोजी डॉ. झूमा आणि डॉ. नायकर यांच्यासह करारावर सही केली. हिंदी आणि आफ्रिकी संघटनांनी एकत्र लढावे, असा तो करार होता. तिसऱ्या दरवाजाची मागणी येथे संपली.

लाजपोरहून गेलेल्या कुटुंबातील अहमद कथराडा यांचा जन्म १९२९ चा. गावातील शाळा एक गोऱ्यांची आणि एक आफ्रिकींची. हिंदी मुलाला जागा कोठेच नाही. म्हणून आठव्या वर्षी त्यांना जोहान्सबर्गला पाठवावे लागले. जोहान्सबर्गच्या ‘खोलवड हाउस’ या इमारतीतील त्यांचे बिऱ्हाड पुढे चळवळीचा अड्डा बनले. १९६४ मध्ये नेल्सन मंडेलांसह त्यांना जन्मठेप झाली. रॉबेन बेटावर त्यांना लांब विजार आणि पाव मिळे, मंडेलांना आखूड विजार आणि पाव नाही. कारण एक हिंदी, दुसरे आफ्रिकी. सुरतेच्या आजोबांनी ज्या फरकासाठी अर्ज केले असते, तो फरक नातवाला तुरुंगात आपोआप मिळाला आणि त्याला त्याची लाज वाटली. खोलवडशीच नाते असलेले शिक्षक अहमद तिमोल २७ ऑक्टोबर १९७१ रोजी जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून पडून मृत्यू पावले. १९७२ च्या चौकशीने आत्महत्या म्हटले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तो खून होता, असा निष्कर्ष नोंदवला.

रंगूनचा धडा

हा केवळ गोऱ्या साम्राज्याचा दोष होता, असे मानणे सोयीचे आहे, परंतु पूर्ण सत्य नाही. रांदेर व सुरतेच्या व्यापाऱ्यांनी रंगूनमध्ये ‘सुरती बडा बाजार’ उभारला होता. ब्रह्मदेशात हिंदी माणसाला ‘काला’ म्हणत. हा शब्द परक्यासाठी वापरला जाई आणि त्यात तिरस्कार मिसळलेला असे. १९३० ची दंगल तेलुगू गोदी कामगारांविरुद्ध झाली. तिला रोजगाराचे कारण होते. जुलै १९३८ मध्ये एका जुन्या पुस्तकातील बौद्ध धर्माविषयीच्या मजकुराचे निमित्त झाले आणि या वेळी रोख मुसलमानांवर वळला. मशिदी व दुकाने जाळली गेली. मुसलमान नवऱ्याशी लग्न करणाऱ्या बर्मी स्त्रियांचा प्रश्नही पेटवण्यात आला आणि १९३९ मध्ये बौद्ध स्त्रियांच्या विवाहाविषयी खास कायदा झाला. ‘काला’ या शब्दात आठ वर्षांपूर्वी रंग आणि परकेपणा होता. त्यात आता धर्मही आला. शब्द तोच राहिला आणि त्याचा भार वाढला.

आपल्याच घरातील आरसा

हा इतिहास सांगताना मुस्लिम समाजाने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. त्यासाठी सुरतेहून दूर जाण्याचे कारण नाही. मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी मोगलांचे आरमारप्रमुख होते आणि अठराव्या शतकात, १७५९ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेईपर्यंत, सुरतेच्या किल्ल्यावर सिद्दींचा अंमल होता. सुरतेलगतचे सचिन संस्थान १७९१ मध्ये जंजिऱ्याच्याच सिद्दी घराण्याने स्थापन केले. दख्खनमध्ये तर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली.

या मलिक अंबरविषयी बादशहा जहांगीर आपल्या आत्मवृत्तात काळ्या तोंडाचा, काळ्या नशिबाचा अशा शब्दांत लिहितो. अबुल हसन या चित्रकाराने १६१६ च्या सुमारास काढलेल्या चित्रात जहांगीर मलिक अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर बाण सोडताना दिसतो. प्रत्यक्षात जहांगीरला तो कायमचा नमवता आला नाही. दोघेही कलमा पढणारे होते. एका धर्माने रंगाचा तिरस्कार आपोआप पुसला जात नाही, याचा हा पुरावा आहे. इस्लामच्या पहिल्या मुअज्जिनचे, हबशी हजरत बिलाल यांचे, नाव प्रत्येक मशिदीत आदराने घेतले जाते. भरुच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्याच्या परिसरात राहणाऱ्या सिद्दी कुटुंबाशी सोयरीक जोडण्याची वेळ आली की तो आदर किती उरतो, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

समारोप

सुरत जिल्ह्यातून गेलेल्या कुटुंबांची तिसरी शाखा इंग्लंडात, बोल्टन, ब्लॅकबर्न, बॅटली, लेस्टर येथे स्थिरावली. तेथे प्रश्न उलटा झाला. १९७६ च्या वंशसंबंध कायद्याने वांशिक भेदभावास बंदी केली. १९८३ मध्ये शिखांना वांशिक समाज मानले गेले. यहुदींनाही ते संरक्षण होते. मुसलमान अनेक वंशांचे, म्हणून त्यांना मुसलमान या नात्याने संरक्षण नव्हते. ईदची सुट्टी घेतली म्हणून कारवाई झालेल्या कामगारांना १९९६ च्या निकालात न्याय मिळाला, पण तो आशियाई वंशाचे म्हणून, अप्रत्यक्ष मार्गाने. नोकरीतील धार्मिक भेदभावास बंदी करणारे नियम २००३ मध्ये आले. ट्रान्सवालने धर्माला वंश ठरवून मुसलमानाला बाहेर काढले. इंग्लंडच्या कायद्याने धर्म हा वंश नाही म्हणून त्याला बराच काळ दाराबाहेर ठेवले.

यावरून एक कसोटी हाती येते. एखाद्याच्या श्रद्धेशी वाद घालणे हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि त्या वादाला वर्णद्वेष म्हणता येणार नाही. परंतु माणूस काय मानतो हे न विचारता केवळ नाव, टोपी, मोहल्ला किंवा आडनाव पाहून त्याला घर, दुकान, नोकरी नाकारली जाते, तेव्हा धर्माला जन्मखुणेसारखे वागवले जाते. त्या क्षणी धर्मद्वेष आणि वर्णद्वेष यांतील अंतर संपते. ही कसोटी जोहान्सबर्गला लागू पडते, तशीच ती भाड्याने खोली शोधणाऱ्या खानदेशी मुसलमान कारागिराला सुरतेत, मालेगावात किंवा मुंबईतही लावून पाहता येते. सिद्दी माणसाला पाहून रस्त्यात परदेशी म्हणून हिणवणाऱ्यालाही ती लागू पडते, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

सुरतेच्या व्यापाऱ्यांना या धड्यासाठी साठ वर्षे आणि बरीच किंमत मोजावी लागली. स्वतःसाठी वेगळा दरवाजा मागितला तेव्हा त्यांना तो मिळाला आणि ते आत येऊनही बाहेरच राहिले. दरवाजांची वाटणीच नको असे ज्या दिवशी त्यांच्या मुलांनी म्हटले, त्या दिवशी त्यांना तुरुंग मिळाला. पण आफ्रिकेच्या इतिहासात खोलवड आणि लाजपोर या गावांचे नाव त्याच दिवसामुळे राहिले.